कुऱ्हाडीचा दांडा



मदीन्यातील एक अन्सारी सहाबी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मदत मागण्यास आले. घरात काही आहे काय, अशी विचारणा झाली. एक जाडेभरडे वस्त्र होते, अर्धे अंगावर घ्यायचे व अर्धे अंथरायचे, आणि पाणी पिण्याचा एक वाडगा होता. प्रेषितांनी दोन्ही वस्तू मागवून घेतल्या आणि सहाबांसमोर स्वतः त्यांचा लिलाव पुकारला. एकाने एक दिरहम सांगितला. प्रेषितांनी पुन्हा पुकारले. दुसऱ्याने दोन दिरहम दिले. ते त्या अन्सारींच्या हाती देऊन प्रेषितांनी सांगितले, की एका दिरहमचे अन्न घेऊन घरी पोहोचवा, दुसऱ्याचे कुऱ्हाडीचे पाते घेऊन माझ्याकडे या. पाते आले, तेव्हा अल्लाहच्या प्रेषितांनी आपल्या हाताने त्यात दांडा बसविला. मग आज्ञा झाली, की जा, लाकडे तोडा, विका, आणि पंधरा दिवस मला दिसू नका. पंधरा दिवसांनी ते सहाबी परतले तेव्हा त्यांच्या गाठी दहा दिरहम होते. काहींचे कापड घेतले, काहींचे धान्य. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात हा प्रसंग ह. अनस (र.) यांच्या कथनाने आला आहे.

ही हदीस आपण अनेकदा ऐकली असेल. आम्ही इमाम मंडळी मिंबरवरून ती सांगतो ती बहुधा भीक मागण्याच्या निषेधासाठी. मीही कित्येक वर्षे तशीच सांगत आलो. तिच्यातील दांड्याकडे माझे लक्ष गेले ते २०२१ साली, जगबुडीच्या पुरानंतर, आणि तेही माझी चूक एका वृद्ध स्त्रीने माझ्या पदरात घातल्यावर. त्याविषयी पुढे लिहितोच.

त्या वर्षी बुधवारी, २१ जुलैला, बकरी ईद झाली. दुसऱ्या दिवशी, २२ जुलैला, अजून कुर्बानीचे दिवस चालू असताना जगबुडीचे पाणी खेडच्या बाजारपेठेत शिरले. चिपळूण, महाड, खेड ही तिन्ही गावे त्या पावसात बुडाली. महाड तालुक्यात तळीये येथे आणि आपल्या तालुक्यात पोसरे येथे दरडी कोसळून माणसे गेली. ज्यांच्या घरातील माणूस गेला त्यांच्या दुःखापुढे दुकानाचे दुःख लहान आहे, हे मान्य. परंतु ज्याचे घर त्या दुकानावर चालते त्याला ते लहान कसे वाटावे? आधीच टाळेबंदीने दीड वर्ष पोळलेले हे लोक. कोणाची बेकरी, कोणाची खानावळ, कोणाचा चहा-पावाचा गाडा, कोणी ईद-रमजानसाठी शेवया आणि नानकटाई करून देणारी घरे. पाणी उतरल्यावर बाजारपेठेत चिखलाचा, डिझेलचा आणि आंबलेल्या पिठाचा जो वास होता, तो ज्यांनी घेतला आहे त्यांना मी काय सांगावे!

बाजारपेठेतील एका बेकरीचे वयोवृद्ध मालक, ज्यांना सारा मोहल्ला चाचा म्हणतो, पंचनाम्याची माणसे आली तेव्हा दुकानाच्या मागे जाऊन बसले. आपल्या घराण्यात कोणी कोणापुढे हात पसरला नाही, नाव लिहून घेऊ नका, असे त्यांनी मुलाला बजावले. मुलगा माझ्याकडे आला. मी गेलो. त्यांचा प्रश्न साधा होता आणि तो अनेकांच्या मनात असतो: मौलाना, सरकारची असो वा जमातीची, मदत घेणे आमच्यासारख्याला शोभते काय?

मी त्यांना ह. कबीसा (र.) यांची हदीस सांगितली, जी सहीह मुस्लिममध्ये आहे. मागणे तीन माणसांसाठीच रास्त असल्याचे प्रेषितांनी (स.) सांगितले. पहिला तो, ज्याने दोघांतील तंटा मिटवण्यासाठी दुसऱ्याचा भार आपल्या डोक्यावर घेतला. दुसरा तो, ज्याच्यावर अशी आपत्ती कोसळली की तिने त्याची मालमत्ता नष्ट केली. तिसरा तो, जो उपासमारीला पोहोचला आणि त्याच्या लोकांतील तीन जाणती माणसे तशी साक्ष देतात. दुसऱ्या माणसासाठी हदीसमध्ये जो शब्द आहे तो ‘जाइहा’: पिके, फळे, माल समूळ नेणारी आपत्ती. पूर म्हणजे जाइहा नव्हे तर काय? ज्याला प्रेषितांनी स्वतः सूट दिली त्याने ती नाकारून स्वतःला प्रेषितांहून अधिक स्वाभिमानी समजू नये, एवढेच मी चाचांना म्हणालो. शब्द थोडे कठोर होते. पण ते हसले आणि बाहेर आले.

आणि तिसऱ्या माणसासाठी सांगितलेल्या त्या तीन साक्षीदारांकडे पाहा. मराठीचा विद्यार्थी म्हणून मला ‘पंचनामा’ हा शब्द फार आवडतो. पंच संस्कृतातले, नामा फारसीतला, आणि दोन्ही मिळून तलाठ्याच्या कागदावर बसले आहेत. गरज आहे हे गरजवंताने एकट्याने सांगू नये, चार जाणत्यांनी पाहून सांगावे, हा त्यातला विचार कबीसा (र.) यांच्या हदीसपासून फार दूर नाही. म्हणून पंचनामा हा अपमान समजू नये. ती साक्ष आहे. आणि साक्ष म्हटली की खरे-खोटे आले.

इथे एक कटू गोष्ट लिहिणे भाग आहे. त्या वर्षी शासनाने जी मदत जाहीर केली तीत नुकसानग्रस्त दुकानदारासाठी नुकसानीच्या ७५ टक्के, परंतु ५०,००० रुपयांच्या मर्यादेत, आणि टपरीधारकासाठी १०,००० रुपयांच्या मर्यादेत अशी तरतूद होती. त्या दिवसांत मला दबक्या आवाजात विचारले गेले, की सगळेच वाढवून लिहितात, मीही एकाऐवजी दोन यंत्रे लिहिली तर काय बिघडले, सरकारचाच तर पैसा आहे. बंधूंनो, सरकारचा पैसा म्हणजे कोणाचा? साखरेच्या पुड्यापासून ज्यांनी कर भरला त्या सर्वांचा, म्हणजे ज्याची टपरी वाहून गेली त्याचाही. शिवाय त्याच हदीसच्या शेवटी प्रेषितांनी सांगितले आहे की या तिघांखेरीज जो मागून खातो, तो हराम खातो. न बुडालेले यंत्र बुडाले म्हणून लिहिणारा या तिघांपैकी कोणता?

आणि सूट दिली तिला हद्दही दिली आहे, हे आपण वाचून पुढे जातो. आपत्तीग्रस्ताला मागण्याची मुभा आहे ती त्याची गुजराण पुन्हा उभी राहीपर्यंत. ‘पर्यंत’ हे लहानसे शब्दयोगी अव्यय; पण चाचांचा स्वाभिमान आणि त्यांची गरज या दोहोंना ते एकाच वेळी जागा देते.

आता पिठाकडे येतो. बेकरीच्या मागच्या खोलीत मैद्याची पोती रचलेली होती. खालच्या थरांत चिखल होता, वरच्या थरांना पाणी लागून गेले होते. ज्यांनी हे पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल, की भिजलेल्या पोत्यात बाहेरच्या बाजूला पिठाचा घट्ट कवच-थर बसतो आणि आतला मैदा वरकरणी कोरडा, पांढरा, जसाच्या तसा दिसतो. चाचांच्या मुलाने एक पोते फोडून मला आतला मैदा दाखविला. भट्टी सुरू करायला नवा माल घेण्याइतके पैसे नव्हते. कवच काढून आतला मैदा चाळून वापरला तर चालेल काय? खरे सांगतो, मी गप्प राहिलो. त्याच्या डोळ्यांकडे पाहून मला सवलत शोधावीशी वाटली. मनात मसअले जुळवू लागलो, की जिथे पाणी पोहोचले नाही ते पाक आहे, वगैरे.

तेवढ्यात चाचांनी त्याला विचारले, की हा पाव तू आपल्या नातीला देशील काय? मुलाने पोते खाली ठेवले. त्या पाण्यात गटारे होती, मेलेली जनावरे होती. चिखलाच्या खोलीत दोन दिवस पडलेल्या पिठात बुरशी किती खोल गेली हे डोळ्यांना दिसत नसते. ती सारी पोती त्यांनी नगरपालिकेच्या कचरागाडीत टाकली.

घरी परतताना मला ती हदीस आठवली, जी मिंबरवर उभे राहिल्यावर चटकन आठवते आणि गरज असते तेव्हा आठवत नाही. मदीन्याच्या बाजारात प्रेषित (स.) धान्याच्या एका राशीजवळून जात होते. त्यांनी राशीत हात घातला तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितले, की पाऊस लागला आहे. म्हणजे तोही निसर्गाच्या तडाख्यात सापडलेलाच माणूस होता! पाऊस त्याने पाडला नव्हता. तरीही प्रेषितांनी त्याला विचारले, की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस. आणि फसवणूक करणारा आपल्यापैकी नाही, असे बजावले. नुकसान झाले म्हणून त्याला दोष दिला नाही. नुकसान झाकून दुसऱ्याच्या ताटात ढकलले, त्याला दोष दिला. हॉटेल, खानावळ, बेकरी चालविणाऱ्या माझ्या बांधवांनी ही हदीस गल्ल्याजवळ लावावी. पुरानंतर भिजलेला तांदूळ वाळवून विकणारा, तेल गाळून पुन्हा कढईत घालणारा, याला कोणत्याही अनुदानाने उभे करता येणार नाही.

येथवर घेणाऱ्याविषयी लिहिले. देणाऱ्यांविषयी, म्हणजे माझ्याविषयी आणि आपल्या जमातींविषयी, लिहिणे अधिक अवघड आहे.

पुरानंतर मुंबईतून आणि आखाती देशांतून आपल्या बांधवांनी सढळ हाताने मदत पाठविली. अल्लाह त्यांना उत्तम मोबदला देवो. तांदूळ, डाळ, तेल, साखर, चहापूड असा संच तयार झाला. यादी माझ्याकडे होती. देणगीदारांना हिशेब कळावा म्हणून संच देताना प्रत्येकाचा फोटो काढायचे ठरले आणि त्याला मी मान डोलावली. एक वृद्ध खाला रांगेत होत्या. पती नाही, तांदळाच्या भाकऱ्या, घावन, आणि सणाला सांदण करून त्या चार-पाच घरांना आणि एका खानावळीला पुरवीत. त्यांचा नंबर आला, समोर फोन धरला गेला, तेव्हा त्यांनी पदराने तोंड झाकले. कोणीतरी म्हणाले, पदर बाजूला घ्या, दिसत नाही. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि त्या निघून गेल्या.

संध्याकाळी मी पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला बसायला पाट दिला. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, की मौलाना, तांदूळ तर माझ्याकडेही आहेत, भाचीने आणून दिलेत. ते वाटायचे कशात? वाटणयंत्र पाण्यात गेले, शेगडी गेली. तांदूळ दिलेत तर मी आठ दिवस खाईन. वाटणयंत्र दिलेत तर चार घरे खातील आणि मीही खाईन.

बंधू-भगिनींनो, मी सात वर्षे मदरशात शिकलो आहे. कुऱ्हाडीच्या त्या हदीसचा जो अर्थ पाटावर बसून मला त्या दिवशी कळला, तो त्याआधी कळला नव्हता. एक दिरहम अन्नासाठी, हे आम्ही केले होते. दुसरा दिरहम पात्यासाठी आणि वर आपल्या हाताने बसवलेला दांडा, हे आमच्या यादीत कुठेच नव्हते.

फोटोविषयी सूरह बकरातील शिकवण आपण जाणता. उपकार बोलून दाखवून आणि मन दुखावून केलेले दान वाया जाते, असा तिचा आशय आहे, आणि त्यासाठी अल्लाहने जी उपमा दिली आहे ती कोकणातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही: गुळगुळीत खडकावर मातीचा पातळ थर, त्यावर जोराचा पाऊस, आणि मागे उरतो तो उघडा खडक. आपल्या कातळावर प्रत्येक जुलैत हे घडताना आपण पाहतो. त्या दिवशीचे फोटो मी पुसायला लावले. ज्यांच्याकडे आधीच गेले होते त्यांच्याकडून परत आणण्याचा मार्ग माझ्याकडे नाही.

कोकणातील बहुसंख्य मुसलमान शाफई मजहबचे. आपल्या मजहबच्या ग्रंथांत जकातीच्या प्रकरणात एक चर्चा आहे, जी आपल्या कार्यकारिणीच्या प्रत्येक सभासदाने वाचावी. गरजवंताला किती द्यावे? इमाम नववी (र.) यांनी ‘अल-मजमू’ या ग्रंथात लिहिले आहे की ज्याच्या हाती कसब आहे त्याला त्याच्या कसबाची हत्यारे घेता येतील एवढे द्यावे, आणि जो व्यापार जाणतो त्याला त्याच्या व्यापारापुरते भांडवल द्यावे. पुढच्या शाफई फकीहांनी तर त्या काळच्या हिशेबाने आकडेच दिले: भाजीवाल्याला ५ दिरहम, कडधान्य शिजवून विकणाऱ्याला १०, फळवाल्याला २०, रोटी भाजणाऱ्याला ५०, किराणा दुकानदाराला १००. पाहा, बेकरीवाला त्या यादीत आहे! कित्येक शतकांपूर्वी आपल्या विद्वानांनी भट्टीचा खर्च धरून जकातीचा विचार केला, आणि आपण आजही दर रमजानला प्रत्येकाच्या हाती सारखीच रक्कम ठेवून वर्षभर मोकळे होतो. अर्थात ज्याला जकात द्यायची तो जकातीस पात्र आहे हे आधी पाहिलेच पाहिजे. मात्र गेल्या वर्षी जकात देणारा दुकानदार यंदा कर्जात बुडाला असेल, तर सूरह तौबामध्ये ज्या आठ वर्गांची गणना आहे त्यांत कर्जबाजारीही आहेत, हेही विसरू नये.

ह. अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांची कथा आपल्या व्याख्यानांत फार सांगितली जाते. अन्सारी बांधवाने अर्धी मालमत्ता देऊ केली तेव्हा त्यांनी आशीर्वाद देऊन फक्त बाजाराचा रस्ता विचारला, आणि पनीर व तूप विकून ते उभे राहिले. कथा खरी आहे, बुखारीत आहे. पण तिचा सोटा करून पूरग्रस्ताच्या पाठीवर मारू नये. त्यांनी बाजाराचा रस्ता विचारला तेव्हा मदीन्यात बाजार भरत होता. आमच्या बाजारात तेव्हा कंबरभर चिखल होता.

आता अनुदान आणि कर्ज यांविषयी, कारण पत्रांतून हा प्रश्न वारंवार येतो. आपत्तीत शासन जी मदत देते ती परत करायची नसते, तिच्यात व्याज नाही. ती घेण्यास हरकत नाही. अन्नाच्या लहान उद्योगांसाठी २०२० साली प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजना सुरू झाली. तीत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद होती. बेकरी, पापड, लोणची, मसाले करणारे त्यासाठी अर्ज करू शकत होते. परंतु हे अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेले होते, आणि कर्जावर व्याज आहे. व्याजाविषयी कुरआनचा आदेश इतका स्पष्ट आहे की मी त्यात शब्दांची कसरत करणार नाही. आपली परिस्थिती आपल्या विश्वासातील मुफ्तींपुढे मांडावी आणि त्यांच्या सांगण्यावर चालावे. मात्र एक गोष्ट मी जमातींना बजावून सांगतो: ज्या मोहल्ल्यात बिनव्याजी कर्जाची, कर्ज-ए-हसनाची, एकही पेटी नाही, त्या मोहल्ल्यातील इमामाने बँकेच्या दारात उभ्या असलेल्या बेकरीवाल्याला व्याजावर व्याख्यान देण्यापूर्वी आपल्या कार्यकारिणीला द्यावे.

आमच्याकडे ती पेटी पुरानंतर सुरू झाली. मोठी नाही. खालांना वाटणयंत्र आणि दोन शेगड्या कर्ज म्हणून नव्हे, दान म्हणून मिळाल्या, आणि ते कोणी दिले हे त्यांना ठाऊक नाही. चाचांना शासनाची मदत मिळाली, पण ती उशिरा आली. भट्टी त्याआधी पेटली ती पेटीतील कर्जावर. भट्टीही एकदम पेटवता आली नाही. विटांत पाणी मुरलेले. एकदम जाळ केला असता तर तडे गेले असते. रोज थोडी लाकडे, मंद आच, असे बरेच दिवस चालले. मैदा त्यांना एका घाऊक व्यापाऱ्याने उधार दिला, ज्यांचे स्वतःचे गोदाम पाण्यात गेले होते. जुनी बाकी असताना तिचा विषयही त्यांनी काढला नाही. ते गृहस्थ मुसलमान नाहीत. अडचणीत असलेल्या ऋणकोला सवड द्या, हा कुरआनचा आदेश त्यांनी वाचलेला नसावा. आपल्यापैकी ज्या घरमालकांनी त्याच महिन्यात भाडे मागितले त्यांनी तो वाचलेला होता.

चाचा दर महिन्याला हप्ता आणून देत. एकदा मी म्हणालो, की घाई नाही. त्यांनी उत्तर दिले, की पेटीत पैसे आले नाहीत तर पुढच्याला कशातून देशील?

शेवटी एक कामाची गोष्ट. त्या वेळी शासनाच्या मदतीसाठी परवाना, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक असे कागद लागले, आणि घरातून व्यवसाय करणाऱ्या आपल्या कित्येक भगिनींजवळ व्यवसायाचा एकही कागद नव्हता. त्यांचे नुकसान दुकान म्हणून मोजलेच गेले नाही. ज्या भगिनी घरी खाद्यपदार्थ करून विकतात त्यांनी अन्नव्यवसायाची नोंदणी करून घ्यावी. ती कठीण नाही, मोहल्ल्यातील एखादा शिकलेला मुलगा मोबाइलवर करून देईल. पाऊस सुरू होण्यापूर्वी, मे महिन्यातच, सर्व कागदांच्या प्रती काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालाव्यात आणि माळ्यावर ठेवाव्यात. दुकानातील यंत्रांचे फोटो आणि खरेदीच्या पावत्या त्याच पिशवीत असाव्यात. आणि पिठाची पोती जमिनीवर नको, जितक्या उंच फळीवर ठेवता येतील तितक्या उंच ठेवावीत.